घंटेवरचं पाणी

एस्तेरमावशीची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं ते घंटेवरून. मी तेव्हा नगरला मुलींच्या शाळेत चौथीला शिकवत होते. त्या वर्षी शाळेच्या घंटेची देखरेख माझ्याकडे होती, म्हणजे घंटा शिपाई वाजवायचा आणि चुकली की बोलणी मी खायची. एके दिवशी शिपायाच्या विडीपायी तिसऱ्या तासाची घंटा उशिरा झाली. ती झाली न झाली तोच वर्गाच्या दारात एक काटक, काळीसावळी, पन्नाशीची बाई येऊन उभी राहिली. लुगड्याचा काष्टा घट्ट, हात कोपरापर्यंत ओले.

"घंटा कोन बगतं हितं?"

"मी. काय काम आहे?"

"सात मिंटं उशीर झाला."

"तुमची मुलगी आहे का या शाळेत?"

"मुलगी न्हाई, नवरा हाय," ती म्हणाली. सगळा वर्ग खो खो हसला. ती काही हसली नाही. "तुमची घंटा चुकली की माज्या घरी पानी चुकतं, बाई. फुडच्या येळी नका चुकवू." एवढं बोलून ती आली तशी गेली. मला राग आला खरा, पण त्या दिवसापासून मी शिपायाच्या डोक्यावर उभी राहून घंटा वाजवून घेऊ लागले.

तिचं घर शाळेच्या कुंपणाला लागून होतं, ख्रिस्ती वस्तीतलं अगदी शेवटचं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे लिंबाचं झाड आणि झाडाखाली बाज. त्या बाजेवर तिचा नवरा दानिएलबाबा दिवसभर बसलेला असायचा. उंचापुरा माणूस, एके काळी चांगला धिप्पाड असणार, पण आता अंगात फक्त हाडं उरली होती. उजवा हात सारखा थरथरायचा. मांडीवर सूप घेऊन तो वाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत असे, तेवढंच काम त्याला जमायचं. शाळेची घंटा झाली की मावशी हातातलं सगळं टाकून तांब्या घेऊन यायची, त्याच्यासमोर उभी राहायची आणि म्हणायची, "प्या." तो प्यायचा आणि "बरं" म्हणायचा. दिवसभरात त्याच्या तोंडून फारसा दुसरा शब्द निघत नसे. नावं त्याला आठवत नसत. लहानथोर सगळ्यांना तो 'बाळ' म्हणायचा, आमच्या हेडमास्तरीणबाईंनासुद्धा, आणि त्यांना ते मनातून आवडायचं असा माझा संशय आहे.

"त्यास्नी तहानच कळत न्हाई," मावशीनं मला पुढे कधीतरी सांगितलं. "एडनला ऊन लागलं तवापासनं. न्हाई पाजलं तर दिसभर तसंच बसून ऱ्हात्याल. मंग मी घंटेवर लावून घेतलं."

मे महिन्याच्या सुट्टीत शाळेची घंटा बंद राहायची. त्यासाठी तिनं कुठून तरी रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा पैदा करून लिंबाला टांगला होता. सावली बघून ती त्यावर कांबीचे ठोके द्यायची. तिच्या ठोक्यांवर वस्तीतल्या बायका डाळ शिजत घालायच्या, आणि माझी सासू दुपारचा चहा टाकायची. रविवारी चर्चमध्ये, वस्तीच्या भाषेत देवळात, उपदेश लांबला की मावशी मधूनच उठून नवऱ्याला पाणी पाजायची. एकदा पाळकसाहेबांनी तिला जरा नाराजीनंच टोकलं. ती म्हणाली, "उपदेस देवाचा हाय साहेब, त्यो थांबंल. पानी न्हाई थांबत." त्यानंतर पाळकसाहेब स्वतःच मध्ये घटकाभर थांबायला लागले. तेवढ्यात सगळी मंडळी खोकून घ्यायची.

मावशी मूळची तिसगावाकडची. लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर ती एडनला गेली. दानिएलबाबा तिथं समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी काढायच्या कारखान्यात फिटर होता. नऊ वर्षं दोघं तिथं राहिली. परत आली ती एक पत्र्याची पेटी, एक लांब चोचीची अरबी किटली आणि हा असा झालेला नवरा घेऊन. मूलबाळ नव्हतं. मावशीनं दवाखान्याच्या चादरी धुवायचं काम धरलं आणि त्यावर घर चालवलं. मी तिला कधी रडगाणं गाताना ऐकलं नाही. चादरी पिळताना ती अरबीत काहीतरी गुणगुणायची. अर्थ विचारला तर म्हणायची, "मला काय ठाऊक. पानीवाला म्हनायचा, त्येच्या उंटाला कळायचं."

लढाई संपली आणि आमच्याकडची बरीच माणसं समुद्रापलीकडे चाकरीला निघाली. कोणी एडन, कोणी बसरा, कोणी आणखी कुठं. कोणी फिटर, कोणी कारकून, कोणी स्वैपाकी. निघण्याआधी त्यांना सल्ले द्यायला सगळं नगर टपलेलं असे. उंटावरचे शहाणे आमच्या गावात कधीच कमी नव्हते. पण ही बाई खरोखर उंटाच्या गावी राहून आलेली, त्यामुळे शेवटी सगळे तिच्या लिंबाखाली यायचे. ती सल्ला देत नसे. समोरच्याला कामाला लावायची आणि तो चुकला की मगच तोंड उघडायची.

पाथर्डीकडचे तीन तरणेबांड गडी बसऱ्याला हमालीला निघाले होते, ते एकदा आले. त्यांतला एक सारखा मिशीवरून हात फिरवत होता. मावशीनं उन्हाचा विषय काढला तर म्हणाला, "मावशे, उनाचं आमाला नगं सांगू. आमी पाथर्डीचे. उनातच जलमलो, उनातच वाढलो. पानी म्हनशील तर सकाळी एकदा प्यालो की सांजच्यालाच."

"बरं," मावशी म्हणाली, "मंग तेवढा माजा खड्डा खंदून द्या." परसात शोषखड्डा करायचा होता तो तिनं त्यांच्या गळ्यात टाकला. मे महिन्याची दुपार. दोघांना तिनं सांगितलं, ठोका पडला की पाणी प्यायचं, तहान असो नसो. मिशीवाल्याला म्हणाली, तू तुझ्या मनानं घे. तो अर्थात प्याला नाही. चौथ्या ठोक्याला गडी कुदळ टेकून उभा राहिला, पाचव्याला खाली बसला आणि म्हणाला, झाड फिरतंय. मावशीनं त्याला सावलीत ओढला, डोक्यावर पाणी ओतलं आणि मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. तो जरा भानावर आला तेव्हा त्याच्या मिशीवरचं पाणी पदरानं पुसत म्हणाली, "उनात जलमला म्हनून ऊन काय तुजा मामा लागतं व्हय?" खड्डा बाकीच्या दोघांनी पुरा केला. तिघांना तिनं जेवू घातलं. पुढे त्या मिशीवाल्याचं बसऱ्याहून कार्ड आलं, ते मीच तिला वाचून दाखवलं. त्यात ख्यालीखुशाली दोन ओळी, आणि खाली लिहिलं होतं की इथं मी सगळ्या गड्यांना ठोक्यावर पाणी पाजतो, ते मला मुकादम म्हणतात.

मग माझीच पाळी आली. आमचे हे एडनच्या बंदरावर कारकून म्हणून लागले होते. त्यांचं पत्र आलं की राहायला खोली मिळाली आहे, सुमीला घेऊन ये. सुमी आमची लेक, तीन वर्षांची. सासूबाईंनी पत्र ऐकलं आणि निकाल देऊन टाकला. "तुला जायचं तर जा. पोर इथं राहील. त्या भट्टीत तीन वर्षांचं लेकरू तगत नसतं." माझी आई, भाऊ, शेजारीपाजारी, सगळ्यांचं तेच. माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. नवऱ्याला सोडून राहावं की लेकीला सोडून जावं, आणि नेलं तर तिच्या जिवाला काही झालं तर. दुसरं काही मला सुचत नव्हतं. शेवटी सुमीला कडेवर घेतलं आणि लिंबाखाली गेले.

"मावशी, तेवढं एक सांगा. हिला नेऊ की नको?"

मावशीनं सुमीकडे बघितलं, तिच्या कानामागं बोट लावून घाम पाहिला. "आज न्हाई सांगत," म्हणाली. "रोज सकाळी ये."

मी महिनाभर रोज गेले. सुट्टीच होती. पहिल्या दिवशी मी मोठ्या तोऱ्यात माझी तयारी सांगितली. मोठा माठ नेणार, वाळ्याचा पडदा नेणार, सुमीला घरात उघडीच ठेवणार. मावशीनं माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि सगळंच मोडीत काढलं. "नगरचं ऊन कोरडं, भाजतं. एडनचं ऊन वल्लं, शिजवतं. तिथं हवाच घामेजलेली आसती, तुजा माठ कशाला घामेजंल? पानी गारच व्हत न्हाई काही महिने. पडदा भिजवशील तर खोलीत नुसती वाफ." सुमीला उघडं ठेवायचं नाही, उलट पायघोळ, ढगळ, पातळ मलमलीचं झबलं, बाह्या मनगटापर्यंत. तसली झबली तिनं मला बसवून शिववून घेतली, आणि बाही तोकडी झाली तर उसवायला लावली. मी चौथीच्या मुलींना शिवण शिकवत होते, हे तिला सांगायचा धीर मला झाला नाही.

भाकरीची काळजी करू नको, म्हणाली, तिथंही जोंधळा मिळतो. घामोळ्यांना मुलतानी माती ने. लिंबं वाळवून ने. पाणी उंटाच्या गाडीवर येईल, पाणीवाल्याशी कधी वाकडं बोलू नको, नवऱ्याशी बोललीस तरी चालेल. दुपारी कोणाचं दार वाजवू नको. "दुपारचं दार वाजवनारा तिथं एक तर येडा, न्हाई तर नवा." आणि पहिल्या आठ दिवसांत एक शेजारीण जोड, भाषा येवो न येवो. हे तिनं दोनदा सांगितलं.

सुमीचं पाणी मात्र ती माझ्यावर सोडायची नाही. ठोका पडला की दानिएलबाबाला अर्धा तांब्या आणि सुमीला अर्धं फुलपात्र. सुमीला त्या रुळाचं इतकं वेड लागलं की ठोका ती स्वतःच मारू लागली आणि वेळीअवेळी मारू लागली, आणि दानिएलबाबा बिचारा प्रत्येक वेळी तांब्यासाठी हात पुढे करायचा. "पोरीच्या मुताचा रंग बगत जा," मावशी सांगायची. "पिवळा दिसला की आईचं ध्यान न्हाई आसं समजायचं." मास्तरीण असून मला असा सोपा धडा कोणी दिला नव्हता.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. सगळ्या जगाला पाणी पाजणारी ही बाई स्वतः उन्हातून आली की पाणी प्यायची नाही. दवाखान्यातून चादरींचं ओझं डोक्यावर घेऊन यायची, अंगातून धारा चाललेल्या, आणि ओट्याच्या कडेला बसून राहायची. पदरानं मान पुसायची. घाम पार वाळला की मग उठून घोटभर प्यायची. मी एकदा चिडवलं, "मावशी, लोका सांगे ब्रह्मज्ञान, तुम्ही का नाही पीत?" तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. "माजं ऱ्हाऊ दे," म्हणाली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचा असतो एकेक हट्ट.

निघायला दहाएक दिवस राहिले असतील. मी सुमीला घेऊन बाजारातून आले. ऊन मी म्हणत होतं. सुमीचं तोंड लालबुंद झालेलं, झबलं पाठीला चिकटलेलं. दारातच ती "आजी, पाणी" म्हणाली. सासूबाईंनी फुलपात्र भरलं, आणि तिनं हात पुढे केला तसं मागं घेतलं. "थांब गं बाई. उन्हातून आलीस. आधी घाम वाळू दे, मग पाणी. तोवर गुळाचा खडा घे." यात सासूबाईंचं काही चुकलं असं मला त्या घटकेला वाटलंही नाही. माझ्या आईनं मला असंच वाढवलं होतं. आमच्याकडे घरोघर हेच चालायचं.

मावशी सुमीचं शिवून झालेलं झबलं घेऊन आमच्या ओट्यावर आली होती. तिनं ते झबलं टाकलं, तीन पावलांत आत आली आणि सासूबाईंच्या हातातलं फुलपात्र ओढून घेतलं. अर्धं पाणी सांडलं. उरलेलं तिनं सुमीच्या तोंडाला लावलं. सासूबाई थक्क झाल्या. वयानं मोठ्या बाईच्या हातातून, तिच्याच घरात, असं कोणी ओढून घेत नाही.  सुमीनं शेवटचा घोट घेतला तसं मावशीनं रिकामं फुलपात्र खाली ठेवलं आणि ती निघून गेली. त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिंबाखाली गेले ती जरा घुश्श्यातच. मावशी चादरी पिळत होती. दानिएलबाबा पलीकडे बाजेवर शेंगा फोडत होता. मी काही म्हणायच्या आत मावशी म्हणाली, "तुज्या सासूचं पाय धरीन मी. पर आदी तू ऐक."

मी बसले. ती चादर पिळतच बोलत होती, माझ्याकडे न बघता, आवाज बाजेपर्यंत जाऊ नये इतका खाली.

"त्या दिशी दुपारी ते कारखान्यातनं आले. भट्टीवरचं काम. अंगातनं धारा लागलेल्या. दारातच म्हनले, पानी दे. तांब्या माज्या हातात भरलेला हुता, पोरी. भरलेला. मी म्हनलं, आदी घाम वाळू द्या, मंग पानी. माजी आई तसंच करायची. आमच्या तिसगावात समदे तसंच करत्यात. ते बसले. आनिक एकदा मागितलं. मी गुळाचा खडा दिला, म्हनलं, जरा थांबा. मंग काय बोलले न्हाईत. मी बगत बसले. घाम थांबला. मला वाटलं, वाळला. आता द्यावं पानी म्हनून उठले, तर डोळं फिरलेलं आन् अंग तव्यावानी."

तिनं चादर दोरीवर टाकली आणि तिच्या सुरकुत्या काढत राहिली. "मी वराडले. शेजारची अरबीन धावत आली. तिनं माज्या हातातला तांब्या हिसकला, त्यांच्या डोक्यावर वतला, मला फाडकन एक मारली. बोलली काय ते कळलं न्हाई, पर कळलं. तिनं वल्ली फडकी लावली, वारा घातला, तीन दिस घरी गेली न्हाई. तिच्यामुळं ते ऱ्हायले. मी मारत हुते, ती राखत हुती."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"डाक्टर म्हनला, मानूस सकाळपासनंच वाळला हुता, तेवढ्यानं काय फरक पडला नसता. त्यो भला हुता, म्हनून म्हनला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिथं घाम वाळत नसतो पोरी. तिथं घाम थांबला म्हंजी मानूस चाललं. हे मला कुनी सांगितलं नव्हतं."

"बाबांना ठाऊक आहे?"

"त्यांना त्या दिसाचं काय बी आठवत न्हाई." ती बाजेकडे बघत राहिली. "इचारायची माजी छाती न्हाई. आठवत आसलं तर? इतकी वर्सं माज्याच हातनं पितात, बरं म्हनतात. एकदा जर म्हनले, त्या दिशी का न्हाई दिलंस, तर मी काय सांगू? तेवढं एक भ्या हाय मला. दुसरं कशाचं न्हाई."

मला रडू आलं. मी तिचा ओला हात धरला. ती मात्र रडली नाही, हात सोडवून घेऊन रुळाकडे गेली, कारण सावली ओट्याच्या दुसऱ्या फरशीवर आली होती. ठोका दिला, तांब्या भरला आणि बाजेपाशी जाऊन उभी राहिली. "प्या." तो प्याला. "बरं," म्हणाला. मग माझ्याकडे वळून ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "पोरीला घिऊन जा. लेकरू आईपाशी बरं. तिला काय व्हनार न्हाई. तहान लागायच्या आदी पानी, एवढं मोडू नगंस."

त्याच दुपारी ती आमच्या घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडली. तिनं त्यांना काय सांगितलं मला माहीत नाही, मी मुद्दामच स्वैपाकघरातून बाहेर आले नाही. पण दुसऱ्या दिवशी मी उन्हातून आले तर सासूबाई तांब्या घेऊन दारात उभ्या. "पी बाई पटकन," म्हणाल्या, "नाहीतर ती घंटावाली येईल भांडायला." सुमीला न्यायचं ठरलं ते असं, घरात कोणी 'ने' असं न म्हणताच.

निघायच्या दिवशी दुपारची गाडी होती. दौंडला बदलून मुंबई आणि तिथून बोट. टांग्यात मी, सुमी, सासूबाई, माझ्या दोन ट्रंका, आणि मावशीनं दानिएलबाबालाही बसवलं. कित्येक वर्षांत तो वस्तीबाहेर पडला नव्हता. पण घरी ठेवला तर ठोक्यावर पाणी कोण देणार, म्हणून तो आणि त्याचा तांब्या दोन्ही स्टेशनवर आले. फलाटावर एका बाकावर मावशीनं त्याला बसवला, तांब्या त्याच्या मांडीवर ठेवला, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. सुमीसाठी तिनं बाजारातून गाईच्या गळ्यातली एक पितळी घंटी घेतली होती, एडनच्या खोलीत टांगायला. ती घरीच राहिली होती.

"राहू द्या मावशी, तिथं घेईन मी काहीतरी," मी म्हटलं. पण ती निघालीसुद्धा. टांगेवाला तोवर गेला होता. स्टेशन ते वस्ती हे काही जवळचं अंतर नव्हे, आणि मे महिन्याची दुपार. गाडी आली. आम्ही चढलो. सासूबाई सुमीचे खिडकीतून मुके घेत होत्या, आणि माझं सगळं लक्ष फलाटाच्या फाटकाकडे होतं.

गार्डानं झेंडा काढला तेव्हा मावशी आली. पळतच आली असावी. लुगडं अंगाला चिकटलेलं, कपाळावरून, हनुवटीवरून पाणी गळत होतं. तिनं खिडकीतून ती घंटी सुमीच्या हातात दिली.  तिनं फक्त सुमीच्या हाताचा मुका घेतला आणि मागं सरून बाकाशेजारी उभी राहिली, एका हातानं खांब धरून. दुसऱ्या हातानं पदर घेऊन मान पुसायला लागली. तिचं नेहमीचं सुरू झालं, घाम वाळेपर्यंत थांबायचं.

तेवढ्यात स्टेशनची घंटा झाली. तीही रुळाचा तुकडाच असते, आवाज अगदी लिंबाखालच्यासारखा. मावशीनं सवयीनं तांब्यासाठी हात पुढे केला, नवऱ्याला पाजायला. पण दानिएलबाबा उठून उभा राहिला होता. तांब्या त्यानं दोन्ही हातांनी धरला होता आणि तो तिच्याकडे बघत होता. थरथरीनं पाणी काठावरून सांडत होतं. त्यानं तांब्या तिच्या तोंडाशी नेला.

"एस्तेर," तो म्हणाला. कोणाचंही नाव त्याच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "आदी पी. घाम काय, वाळंल मागनं."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिली. तिचंच वाक्य होतं ते, उलटं केलेलं. त्याला सगळं आठवत होतं. तो दिवस, ते मागणं, तो भरलेला तांब्या, आणि हेही की त्या दिवसापासून ही बाई स्वतःला पाणी देत नाही. एवढं सगळं आठवत असून तो रोज तिच्या हातून पीत होता आणि बरं म्हणत होता.

गाडी हलली. मी खिडकीतून जितकी वाकता येईल तितकी वाकले. मावशीनं त्याच्या हातांवर आपले हात ठेवले होते आणि ती पीत होती, घटाघटा, तोंड वर करून, सगळा फलाट बघत असताना. पाणी तिच्या गळ्यावरून लुगड्यावर ओघळत होतं. सुमीनं माझ्या मांडीवर घंटी वाजवली आणि पाणी मागितलं. मी तिला फुलपात्र भरून दिलं, आणि पुन्हा वळून बघितलं तर दोघं अगदी लहान दिसत होती. मावशीनं तांब्या अजून खाली घेतला नव्हता.